बाजूला ठेवलेली सोळा पानं

७ मार्च

नवाब,

सलाम पुढच्या पत्रात, तोवर राग उतरला तर.

तुझा कागद मामूंनी काल आणून दिला. भर कामाच्या वेळी कारखान्यात आले. माझे दोन्ही हात खळीने बरबटलेले होते. म्हणाले, "काही नाही गं, नुसती सही करायचीय. कुठे करायची तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारून ठेवलीय बघ." फुली मारलीस! एकोणीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधतेय मी, आणि कागदावर सही कुठे करतात ते मला तू दाखवणार.

हात पुसून कागद वाचला. "मी, मयताची मुलगी, वडिलांच्या मिळकतीतील माझा हिस्सा राजीखुशीने भावाच्या नावे सोडून देत आहे." राजीखुशीने! अब्बांना जाऊन दोन महिने झाले नाहीत. त्यांची चष्म्याची डबी अजून कटरजवळच्या फळीवर आहे, ती उचलायचं माझ्याने होत नाही. आणि तू तिकडे बसून माझी राजी आणि माझी खुशी टाइप करून घेतोस.

मिळकत ती काय? खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर दोन खोल्या. खाली मी काम करते, वर मी राहते. तुला ती विकायची आहे आणि गिऱ्हाईकही बघून ठेवलंयस, हे मला मामूंच्या तोंडून कळावं? मी कुठे जायचं असं विचारलं तर त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "भावाकडे राहा की. एक खोली देईल तो." देईल म्हणे. मी काय तुझी पाहुणी आहे?

मग हळू आवाजात म्हणाले, "बहिणी हक्क घेत नाहीत गं. घेतला की माहेर तुटतं. आपल्यात रीत नाही." अंगाचा नुसता तिळपापड झाला. मागच्या लग्नातल्या फोटोत माझी ओढणी डोक्यावरून सरकली होती, तर तू मला तीन मेसेज पाठवले होतेस, कुठे काय लिहिलंय त्याच्या दाखल्यांसकट. तेव्हा रीत नाही आठवली तुला. तेव्हा लिहिलेलं हवं होतं. आता जे लिहिलंय ते माझ्या बाजूचं निघालं, तर लगेच रीत आली मधे. नाकाने कांदे सोलायचे तर सगळे सोल ना, नवाब.

मी अर्धं मागत नाही, हे नीट वाच. अम्मी आधीच गेली, वारस आपण दोघंच: तुझे दोन वाटे आणि माझा एक. हे माप मी ठरवलेलं नाही, तूही नाहीस, अब्बांनीही नाही. ज्याने ठरवलं त्याच्यापुढे तू पाच वेळा कपाळ टेकवतोस.

कागद परत पाठवत नाही. पाठ कोरी आहे, तिच्यावर मापं लिहायला चांगला आहे.

आपा

१९ मार्च

नवाब,

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पुन्हा लिहायला बसले. मागच्या आठवड्यात म्हणालास, "मौलवी साहेबांना विचार, म्हणजे तुझं समाधान होईल." विचारलं. झालं समाधान.

मौलवी साहेब स्वतःच आले होते. त्यांच्याकडे वाटणीचं एक जुनं पुस्तक आहे, आपल्या भाषेतलं, कुणाला किती हिस्सा ते सांगणारं. पाठ पार सुटली होती, पानं हातात येत होती. ते बांधायला घेऊन आले. मी म्हटलं, "बांधून देते, पण एक सांगा. भाऊ म्हणतो बहिणीने सोडून द्यावं." ते स्टुलावर बसले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "सोडायचं असेल तर आधी तिच्या हातात द्यावं लागतं, बेटी. हातात आल्यावर तिने मन मानेल तसं करावं. न देता सोडायला लावणं म्हणजे काढून घेणंच की." हे शब्द त्यांचे आहेत. मी मीठ-मसाला लावलेला नाही.

माझे सासू-सासरे आठवतात तुला? तू त्यांना अडाणी म्हणायचास. माझा माणूस गेला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, मूलबाळ नव्हतं. सासरे स्वतः बसमधून इथे आले आणि त्याच्या मिळकतीतला माझा चौथा हिस्सा माझ्या ओंजळीत ठेवून गेले. मी मागितला नव्हता. मागायचा असतो हेही मला ठाऊक नव्हतं. त्यातूनच हे कटर आलं, ज्याच्यावर अब्बांचा धंदा पुढची एकोणीस वर्षं चालला आणि तुझं शेवटचं शिक्षण झालं. ते परके होते. तू माझ्या पाठचा आहेस.

पुस्तक परवा बांधून दिलं. हिरवं कापड लावलं, छान झालं होतं. पण आज मौलवी साहेब परत घेऊन आले. मधली सोळा पानं नाहीत, एक आख्खा फॉर्म राहून गेला होता. होतं असं कधीकधी, ढिगाखाली गेला असेल. शोधून लावून देईन. जाता जाता दादाजानांच्या वेळचं काहीतरी विचारत होते. जुनं आहे, तुझा त्याच्याशी संबंध नाही.

गिऱ्हाइकाला सांग, जागा विकाऊ नाही.

आपा

२ एप्रिल

नवाब,

तुझं पत्र आलं. वर्षानुवर्षांत पहिलं पत्र आणि त्यात दोन ओळी. दुसऱ्या कुणाला दाखवलं तर हसेल.

पहिली ओळ: "आपा, तू दिवसेंदिवस फुफीसारखी होत चालली आहेस."

तू हे मला मारायला लिहिलंस आणि ते लागलं. आपल्या घरात कुणाला गप्प करायचं असलं की एवढंच म्हणायचे. जास्त मागितलं, उलट बोललं, दार आपटलं की "फुफीवर गेली." अब्बांची सख्खी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि आपण तिचं नाव शिवीसारखं वापरत मोठे झालो. लोभी फुफी. भांडखोर फुफी. तिने काय मागितलं होतं, कशावरून भांडली, हे कधी विचारलंस? तू तेव्हा सहा वर्षांचा होतास, तुला माफ आहे. मी बारा वर्षांची होते.

दुसरी ओळ: "एकोणीस वर्षांत तुझा फॉर्म कधी राहून गेला होता?"

याच्यावर तुला काय उत्तर द्यायचं? माणसाच्या हातून चूक होते. बाप मेल्यावर तर होतेच. तू तिकडे थंड ऑफिसात बसून माझ्या कामातल्या चुका काढू नकोस. तुला साधा पुठ्ठा सरळ कापता येत नव्हता, अब्बा तुला कटरजवळ फिरकू देत नव्हते. काम शिकायची वेळ आली तेव्हा काखा वर करून निघून गेलास, आणि आता तपासनीस झालास.

माझा हिस्सा मला हवा आहे. बाकी काही मला बोलायचं नाही.

आपा

९ एप्रिल

नवाब,

मागच्या पत्रात तुला शिव्या घातल्या, कारण तू बरोबर बोट ठेवलंस. मला ते सहन झालं नाही. आज खरं लिहिते. वाचून तुला आनंद होईल, मग तो मावळेल. शेवटपर्यंत वाच.

फॉर्म राहून गेला नव्हता.

जुनं पुस्तक बांधताना काय करतात ते तुला थोडंफार आठवत असेल. जुनी शिलाई उसवायची, सोळा-सोळा पानांच्या घड्या सुट्या करायच्या, पाठीवरची वाळलेली खळ खरवडायची. प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. शिवायला घेण्यापूर्वी ते आकडे ओळीने बघत जायचं. हे मी झोपेत करू शकते. चुकणं शक्यच नाही.

मी पुस्तक बांधता बांधता वाचत होते. आधी आवडीने वाचलं. मुलीचा हिस्सा, बायकोचा, आईचा. प्रत्येक ओळ तुझ्या तोंडावर मारण्यासारखी होती. एक-दोन वाक्यं तर पाठच केली. मग अकरावा फॉर्म आला. त्यात असं दिलं होतं की एखादा माणूस मेला, त्याची वाटणी झाली नाही आणि मधेच वारसही मेला, तर आधी पहिल्याची वाटणी करायची. ज्याचं जे अडवलं होतं ते त्याला द्यायचं. त्यातून जे उरेल तेवढंच दुसऱ्याचं, आणि तेवढंच त्याच्या मुलांत वाटायचं.

मी ते दोनदा वाचलं. मग तो फॉर्म उचलला, पुठ्ठ्यांच्या खाली सरकवला, आणि दहाव्याला बारावा जोडून शिवून टाकला. कुणी बघत नव्हतं. मौलवी साहेब हल्ली डोळ्यांनी अधू झालेत, त्यांच्या लक्षात येणार नाही असं वाटलं. त्या वेळी मी तुझ्याहून वेगळी नव्हते.

त्यांना तीन दिवसांत कळलं. परत आले तेव्हा चिडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "नेमकी हीच पानं गेली, बेटी? तुमच्या दादाजानांची वाटणी झाली होती ना?" मी म्हटलं, माहीत नाही. हेही खोटंच.

आता एका दाराचं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या माणसालाही नाही.

दादाजान जाऊन महिना झाला होता. दादी आधीच गेल्या होत्या, मुलं दोनच, अब्बा आणि फुफी. कारखाना दादाजानांचा होता. फुफी लग्नाआधी इथेच बसून फॉर्म शिवायची, अब्बांपेक्षा तिची शिलाई घट्ट होती, हे अब्बाच एकदा बोलून गेले होते. दुपारची वेळ, दार वाजलं. अब्बा आत जेवत होते. त्यांनी मला खूण केली. मी दार अर्धं उघडलं. फुफी होती, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "अब्बा आहेत का गं?" मी म्हटलं, "अब्बा घरात नाहीत." तेवढ्यात आतून त्यांना ठसका लागला. तिने ऐकला. तिने ऐकला हे मी पाहिलं. तरी मी तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हटलं, "नाहीत." ती खाली उतरून गेली. आत गेले तर अब्बा म्हणाले, "शहाणी माझी पोर." मला बरं वाटलं होतं, नवाब. चौतीस वर्षांपूर्वी बरं वाटलं होतं म्हणून आज स्वतःचीच चीड येते.

अब्बांवर माझा जीव होता. अजून आहे. माझा माणूस गेल्यावर त्यांनी मला परत घरात घेतलं, काम शिकवलं, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. आणि त्यांनी आपल्या बहिणीला लुबाडलं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि तो समोर नाही म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. सगळा राग तुझ्या वाट्याला येतो. त्यातला थोडा तुझा नाही, हे मान्य करते. बाकीचा तुझाच आहे.

तर वाटणी अशी होते. कारखान्याचे नऊ भाग कर. तीन फुफीचे. उरलेल्या सहांतले चार तुझे, दोन माझे. तू मला फुफीसारखी म्हणालास; फुफीला धरलं नसतं तर तुझे सहा आणि माझे तीन होते; तिच्यासारखी हक्काला धरून वागले तर माझा एक भाग जातो, तुझे दोन जातात. आता कळलं मी ती पानं का लपवली?

काल पुस्तक पुन्हा उसवलं. अकरावा फॉर्म जागेवर घातला, नव्याने शिवलं, कापडही नवं लावलं. मौलवी साहेबांनी हातात घेऊन चाळलं आणि नुसती मान हलवली.

आज सकाळी फुफीकडे गेले. इस्त्रीच्या दुकानावर तिची एक खोली आहे. चौसष्ट वर्षांची बाई, शिंप्याची काजं-बटणं करून खाते. मला दारात बघून म्हणाली, "आता कोण मेलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही, फुफी."

"तुझ्या बापाच्या मय्यतीला आले होते मी. मागे उभी होते. तू पाहिलंस आणि मान फिरवलीस."

हो. फिरवली होती. मग मी सगळं सांगितलं, फॉर्मचंसुद्धा. रडायला येईल असं वाटलं होतं, आलं नाही. शेवटी म्हटलं, "फुफी, तुमचा हिस्सा मी तुम्हाला देते."

तशी ती उसळली. "तू देतेस? तुझा आहे?"

"नाही. तुमचा आहे."

"मग 'देते' कसली म्हणतेस? बापासारखीच जीभ आहे." हातातला सदरा आपटला तिने. मग सुयांची डबी माझ्याकडे सरकवली. "आलीच आहेस तर ओवून दे. मला दिसत नाही." मी तीन सुया ओवून दिल्या. म्हणाली, "आता जा."

तुला काय वाटतं ते मला कळव. दोन ओळींत नको.

आपा

२८ एप्रिल

नवाब,

तू कळवलंस. चार पानं! तुझ्यात इतकं लिहायची ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. त्यातलं एकच वाक्य मी पुन्हा लिहिते, म्हणजे ते कुणाचं आहे हे तुझ्या लक्षात राहील: "म्हातारीचे किती दिवस उरलेत, थोडं थांबलीस तर प्रश्न आपोआप सुटेल." तू हे लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून पोस्टात टाकलंस. मधे कुठेच हात थांबला नाही?

पण प्रश्न तुझ्यासाठी सुटत नाही, हे तुला आता मामूंनी सांगितलंच असेल. गिऱ्हाइकाचा माणूस कचेरीत जाऊन कागद बघून आला. जागा अब्बांच्या नावावर नाहीच. अजून दादाजानांच्याच नावावर आहे. चौतीस वर्षं अब्बांनी कर भरला, छप्पर बदललं, पण नाव बदलायला गेले नाहीत. गेले असते तर कचेरीने बहिणीची सही मागितली असती, आणि सही मागायला तिच्या दारात जावं लागलं असतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. रोज सकाळी कुलूप उघडताना माहीत होतं. हे कळल्यावर मी त्यांची चष्म्याची डबी उचलून कपाटात ठेवली.

आणि त्यानंतर तुला फुफी आठवली.

फुफी हल्ली सकाळी कारखान्यात येते. मी बोलावलं नव्हतं. एक दिवस आली, शिलाईच्या टेबलाशी जाऊन बसली, माझा दोरा बघून म्हणाली, "याला मेण कमी लावतेस." तेव्हापासून येते. माझ्याशी गोड बोलत नाही आणि ते मला आवडतं. हिस्सा घेता की नाही असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "कागद तयार कर. चष्म्याने वाचीन, मग बोलू." तो कागद वकीलबाईंकडे टाकला आहे. त्यात तिचे तीन भाग लिहिलेत, माझे दोन आणि तुझे चार. माझी सही झाली आहे. फुली मारावी लागली नाही.

परवाचा फोन तू माझ्या नंबरवर केलास, पण म्हणालास, "फुफीजानना दे." फुफीजान! मी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, कारण तिला कमी ऐकू येतं. तू काय काय बोललास ते मी ऐकत होते हे तुला ठाऊक नसेल, तर आता कळू दे. लहानपणी तुम्ही मला कडेवर घेतलं होतं म्हणालास. या वयात तुम्हाला कचेरीच्या पायऱ्या झेपायच्या नाहीत म्हणालास. दर महिन्याला औषधाचं मी बघतो, फक्त एक सही द्या, तुम्ही तर मोठ्या मनाच्या. मला वाटलं ती फोन फेकून देणार. तिने एक फॉर्म शिवून संपवला, दोऱ्याला गाठ मारली, आणि विचारलं, "बेटा, तुला मुलं किती?"

तू म्हणालास, "दोन मुली आहेत, फुफीजान."

"मुलगा?"

"नाही."

"थोरली केवढी आहे?"

"पंधराची."

"घरात आहे? दे तिला फोन. आवाज तरी ऐकू दे."

तुला वाटलं म्हातारी विरघळली. दिलास लगेच.

"सलाम. कोण बोलतंय?" तुझ्या लेकीचा आवाज अगदी आपल्या अम्मीसारखा आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"तुझ्या आजोबांची बहीण."

"आजोबांना बहीण होती? आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"नसेल सांगितलं," फुफी म्हणाली. "तुझे अब्बा माझ्याकडे सही मागतायत. माझ्या बापाच्या जागेतला माझा हिस्सा मी सोडला असं लिहून द्यायचं म्हणे. तुझ्या आपाफुफीकडेही मागतायत. आम्ही दोघी देत नाही म्हणून रागावलेत."

मग पोर म्हणाली, "का मागतायत?"

"बहिणींकडून भाऊ मागतातच, बेटा. रीत आहे."

"पण आम्हाला तर भाऊ नाही," ती म्हणाली. "मग आमच्याकडून कोण लिहून घेणार?"

हे तिने भांडून विचारलं नाही, नवाब. शाळेत न कळलेलं विचारतात तसं विचारलं. इतके दिवस तुला लिहिलेली सगळी पत्रं मला पोकळ वाटायला लागली, कारण त्यांतलं एकही या एका प्रश्नाइतकं खरं नव्हतं.

फुफी म्हणाली, "मिळतं गं कुणीतरी. शोधून काढतात."

मग मागून तुझा आवाज आला, "दे इकडे," आणि फोन बंद झाला. फुफीने तो टेबलावरून उचलून कानाला लावला आणि तशीच बसली. मी म्हटलं, "फुफी, बंद केला त्याने."

ती म्हणाली, "त्याने केला. पोरीने अजून ठेवलेला नाही."

आपा